फोंड्याचं दुकान, साखळीचं टेबल: फाईल सिंक आणि दुरून कॉम्प्युटर चालवण्याच्या नोंदी

गोव्यातल्या फोंड्यात आमचं डीटीपी आणि छपाईचं दुकान आहे. दादा आणि वहिनी ते सांभाळतात. मी लग्नानंतर साखळी या गावी असते आणि डिझाईनचं काम घरून करते. जत्रेची पत्रकं, नाटकांच्या जाहिराती, लग्नपत्रिका, देवस्थानांच्या स्मरणिका असं काम असतं. आजवर फाईली व्हॉट्सॲप, मेल आणि पेनड्राइव्हवरून इकडेतिकडे जात, आणि नेमकी कुठली प्रत छापायची हे फोनवर विचारावं लागे. चवथीची, म्हणजे गणेश चतुर्थीची, गर्दी सुरू होण्याआधी हे मार्गी लावायचं ठरलं. असंच काही करू पाहणाऱ्या छोट्या दुकानदारांसाठी नोंदी ठेवत आहे.

सामान असं: दुकानातला मुख्य कॉम्प्युटर (विंडोज १० होम), त्यावर जुनं मराठी डीटीपी सॉफ्टवेअर आणि मागच्या यूएसबीला त्याचा डोंगल, म्हणजे ज्याच्याशिवाय ते सॉफ्टवेअर चालत नाही ती परवान्याची किल्ली. काउंटरवर वहिनीचा कॉम्प्युटर, हिशेबाचा. माझा लॅपटॉप विंडोज ११ चा. दोन अँड्रॉइड फोन.

९ मे २०२५

इंटरनेटचं काम बघणाऱ्या एका तंत्रज्ञाने सुचवलं की राउटरवर ३३८९ पोर्ट (बाहेरून आत यायचं क्रमांकाचं दार) उघडा, स्थिर आयपी (न बदलणारा इंटरनेटचा पत्ता) विकत घ्या आणि दुरून मशीन चालवायला विंडोजचा रिमोट डेस्कटॉप लावा. हे करायचं नाही असं मी आणि दादाने लगेच ठरवलं. विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपचा हा पोर्ट सगळ्यांना माहीत आहे. तो इंटरनेटवर उघडा दिसला की पासवर्ड लावून पाहणारे प्रोग्रॅम रात्रंदिवस त्यावर आदळत राहतात, आणि रॅन्समवेअर (फाईली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्रॅम) दुकानात शिरायची ही नेहमीची वाट आहे. शिवाय विंडोज होमवरून दुसऱ्या मशीनला जोडता येतं, पण होम असलेल्या मशीनवर बाहेरून रिमोट डेस्कटॉपने येता येत नाही. त्यासाठी प्रो लागतं.

तिसरं कारण राउटरच्या पानावर सापडलं. वॅन आयपी, म्हणजे कंपनीने राउटरला दिलेला पत्ता, १०० ने सुरू होत होता. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा पत्ता दिसला तर आपण सीजीनॅटमागे आहोत, म्हणजे एकच सार्वजनिक पत्ता कंपनीने बऱ्याच ग्राहकांत वाटलेला असतो. अशा जोडणीवर आपल्या राउटरमध्ये कितीही पोर्ट फॉरवर्ड केले तरी बाहेरून कोणी आत पोचत नाही. तुमचा तंत्रज्ञ पोर्ट उघडायला बसला की आधी हा आकडा बघा, अख्खा दिवस वाचेल.

१३ मे

साखळीच्या घरी चोवीस तास चालू राहील असा जुना मिनी पीसी घेतला, ९,५०० रुपये. दोन टीबीची डिस्क ६,२०० रुपये. त्यावर डेबियन हे लिनक्स टाकलं आणि डिस्क ईएक्सटी४ या लिनक्सच्या पद्धतीने फॉरमॅट केली. डिस्क आधी एक्सफॅट या दोन्हीकडे चालणाऱ्या पद्धतीचीच ठेवून पाहिली होती, विंडोजलाही लावता यावी म्हणून. पण फाईलींच्या परवानग्या तिथे टिकत नाहीत. जी डिस्क कायम लिनक्सला लागणार आहे, ती लिनक्सच्याच पद्धतीची असलेली बरी.

सगळ्या मशीनवर फाईली सारख्या ठेवायला सिंकथिंग हा प्रोग्रॅम निवडला. फाईली मधे कुणाच्या सर्व्हरवर साठत नाहीत, मशीन शक्यतो थेट एकमेकांशी बोलतात, पैसे लागत नाहीत. फोनसाठी मूळ अँड्रॉइड ॲपचं काम डिसेंबर २०२४ मध्ये थांबलं, म्हणून एफ-ड्रॉइड या ॲपच्या भांडारातून सिंकथिंग-फोर्क हे त्याचंच दुसऱ्यांनी चालवलेलं रूप घेतलं. फोनच्या बॅटरी सेटिंगमध्ये त्याला मोकळीक दिली नाही तर स्क्रीन बंद झाल्यावर थोड्या वेळात ते झोपतं.

१५ मे

दुकानातला डेटा १८० जीबी. दुकानाचा अपलोड २० एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला जेमतेम अडीच एमबी. कागदावरचं गणित वीस तासांचं, आणि तेही तार एकदाही तुटली नाही तर. पहिला भरणा नेटवरून करायचाच नाही असं ठरवलं. बाहेरची डिस्क दुकानात लावून कॉपी घेतली, फाईलींच्या मूळ तारखा टिकतील अशा रीतीने, आणि उसगाव आणि होंडा या गावांवरून साखळीला आणली. दोन्हीकडे फाईली तयार असल्या की सिंकथिंग त्यांचे हॅश (फाईलीच्या मजकुरावरून काढलेला ओळखीचा आकडा) काढतं, सारख्या आहेत हे ओळखतं आणि काहीच पाठवत नाही. हॅश काढायला मिनी पीसीने रात्र घेतली.

१९ मे

दुकानातून नवी फाईल टाकली की साखळीला पोचते, पण रखडत. सिंकथिंगच्या पानावर जोडणीच्या प्रकारात रिले लिहिलेलं. थेट वाट मिळाली नाही की ते स्वयंसेवकांनी चालवलेल्या रिले, म्हणजे मधल्या, सर्व्हरवरून जातं. मजकूर कूटबद्ध असतो, त्याची काळजी नाही. पण तीनशे एमबीचा फ्लेक्सचा टिफ (छपाईच्या चित्राची फाईल) त्यातून ढकलणं शक्य नाही.

म्हणून सगळ्या मशीनवर टेलस्केल घातलं. ते दूरदूरची मशीन एका खाजगी जाळ्यात जोडतं, वायरगार्ड या कूटबद्ध जोडणीच्या पद्धतीवर चालतं आणि प्रत्येक मशीनला कायमचा एक पत्ता देतं. हे पत्तेही १००.६४ च्याच पट्ट्यातले असतात, त्यामुळे सीजीनॅटच्या पत्त्याशी गल्लत करू नका. मोफत योजना घरगुती वापरासाठी आहे. आमचं काम धंद्याचं, म्हणून दोन माणसांची पैसे भरायची योजना घेतली, तेव्हा माणशी महिन्याला ६ डॉलर. दोघांचे मिळून हजारेक रुपये झाले.

पण टेलस्केललाही थेट वाट मिळेना. तेही त्याच्या स्वतःच्या रिलेवरून चाललं होतं. पिंग करून (जोडणी तपासून) पाहिलं की डर्प, म्हणजे त्या रिलेचं नाव, लिहून यायचं. फरक पडला तो दुकानाच्या राउटरमध्ये आयपीव्ही६ चालू केल्यावर. इंटरनेट पत्त्यांची ही नवी पद्धत, तिच्यात पत्ता वाटून घ्यावा लागत नाही. ते सेटिंग बंदच ठेवलेलं होतं. दोन्ही टोकांना आयपीव्ही६ मिळालं आणि पिंगच्या उत्तरात थेट पत्ता दिसू लागला. तीनशे एमबीचा टिफ दोन मिनिटांच्या आसपास आला. अपलोडच्या वेगाने तो तेवढाच वेळ घेणार होता, म्हणजे वाटेत काही सांडत नाही.

मग सिंकथिंगमध्ये प्रत्येक मशीनचा टेलस्केलचा पत्ता आणि २२००० पोर्ट हाताने लिहिला, आणि जागतिक शोध (इंटरनेटवरून एकमेकांचा पत्ता शोधणं) व रिले दोन्ही बंद केले.

२६ मे

पाऊस यंदा मे महिन्यातच आला आणि पहिल्याच दिवसांत वीज सारखी जाऊ लागली. वीज आली तरी दुकानातला कॉम्प्युटर बंदच राहायचा, कुणीतरी बटण दाबेपर्यंत. बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, वीज परतल्यावर काय करायचं असा पर्याय असतो, तो कायम चालू वर ठेवला. झोपेचं सेटिंग बंद केलं. राउटर आणि फायबरच्या डब्याला बारा व्होल्टचा छोटा यूपीएस, १,४०० रुपये. या कामातला हा खर्च मला सर्वांत मोलाचा वाटतो. वीज गेल्यावर राउटर पुन्हा उठून जोडणी मिळेपर्यंत काही मिनिटं जातात, आणि पावसाळ्यात तीच मिनिटं दिवसभर पुन्हा पुन्हा मोजावी लागतात.

वेक-ऑन-लॅनचाही, म्हणजे बंद कॉम्प्युटर नेटवर्कवरून संदेश पाठवून सुरू करण्याचाही, विचार केला. तो संदेश त्याच लॅनमधल्या (दुकानाच्या आतल्या जाळ्यातल्या) दुसऱ्या चालू यंत्राने पाठवावा लागतो, आणि दुकानात राउटरखेरीज रात्री काही चालू नसतं. गडगडाट सुरू झाला की दादा सगळ्या पिना काढून ठेवतो. ते बरोबरच आहे, त्यात बदल करायचा नाही. तेव्हा ठरलं ते असं की दुकान उघडल्यावर दादा कॉम्प्युटर लावणार, आणि रात्री मला डोंगलचं काम करायचंच असेल तर आधी सांगणार.

४ जून

आता डोंगल. जुन्या स्मरणिकांच्या फाईली त्या सॉफ्टवेअरमध्येच उघडतात, आणि ते डोंगल लावलेल्या मशीनवरच चालतं. यूएसबी नेटवरून दुसरीकडे नेणारे प्रोग्रॅम मिळतात, पण आमचा परवाना एका मशीनचा आहे, म्हणून तो नाद सोडला. मीच त्या मशीनवर जायचं.

त्यासाठी रस्टडेस्क हे दुरून मशीन चालवायचं सॉफ्टवेअर घेतलं. त्यात थेट आयपीने जोडण्याचा पर्याय चालू केला आणि टेलस्केलचा पत्ता टाकला, मग बाहेरच्या कुठल्याच सर्व्हरची गरज पडत नाही. परवानगीच्या यादीत फक्त माझ्या लॅपटॉपचा पत्ता. ते विंडोजची सेवा म्हणून, म्हणजे लॉगिनच्या आधीच आपोआप सुरू होईल असं, बसवायला हवं. तसं नसेल तर मशीन पुन्हा सुरू झाल्यावर लॉगिनच्या पडद्यापर्यंत आपण पोचतच नाही, आणि वरचं बायॉसचं सगळं काम वाया.

खरा वेळ गेला तो कीबोर्डात. जुन्या सॉफ्टवेअरचा स्वतःचा मराठी कीबोर्ड आहे. तो दुकानातल्या मशीनवर कुठली कळ दाबली ते पाहतो आणि जुन्या फॉन्टातलं अक्षर टाकतो. माझ्या लॅपटॉपवर मराठी चालू असताना मी क दाबला की दुसऱ्या टोकाला कधी चौकोन, कधी काहीच नाही. रस्टडेस्कमध्ये कीबोर्डच्या पद्धती असतात. भाषांतर पद्धतीत इकडचं तयार अक्षर तिकडे जातं. मॅप पद्धतीत फक्त कुठली कळ दाबली एवढंच जातं आणि अक्षर तिकडचं मशीन ठरवतं. आम्हाला दुसरी हवी होती. पद्धत मॅप ठेवली, माझा लॅपटॉप इंग्रजीवर, दुकानातलं मशीन त्याच्या मराठीवर. तेव्हापासून 'श्रीक्षेत्र' एका दमात उमटतं. मराठी टंकणाऱ्या कुणालाही दुरून काम करताना ही अडचण येणार, म्हणून एवढं सविस्तर लिहिलं.

आणखी दोन गोष्टी. दुरून दिसणाऱ्या पडद्यावर रंग ठरवू नका. चित्र दाबून पाठवलेलं असतं, केशरी आणि लाल यांतला फरक त्यात हरवतो. आणि पडदा एकच असतो: मी आत असताना दादा गिऱ्हाइकाला काही दाखवायला गेला तर दोघांचे हात एकाच माउसवर. दुपारी एक ते तीन ही वेळ माझी, कारण तेव्हा दुकान जेवणासाठी बंद असतं.

१२ जून

वहिनीचा हिशेबाचा फोल्डरही सिंकमध्ये घातला होता, घरून मला बिलं बघता यावीत म्हणून. आज तिच्या सॉफ्टवेअरने डेटा खराब असल्याचा संदेश दिला. कारण सरळ आहे. हिशेबाचा डेटा म्हणजे अनेक फाईलींचा एक संच, आणि सॉफ्टवेअर चालू असताना त्या सगळ्या एकत्र बदलत असतात. सिंक त्यांतली एकेक फाईल वेगवेगळ्या क्षणी उचलतं. माझ्याकडे पोचलेला संच कुठल्याच एका वेळचा नव्हता. मी तो उघडला, माझ्याकडच्या फाईली बदलल्या आणि त्या परत वहिनीकडे गेल्या.

आदल्या संध्याकाळचा बॅकअप होता, त्यातून परत आणलं. दिवसभराची बिलं वहिनीने पुन्हा भरली. तो फोल्डर सिंकमधून काढला. आता सॉफ्टवेअर बंद करताना तयार होणारी एकच बॅकअप फाईल सिंक होते, आणि मला बिल बघायचं असेल तर मी रस्टडेस्कने काउंटरवर जाते.

या सगळ्या खटाटोपातून मला कळलेली मुख्य गोष्ट हीच. चित्र, पीडीएफ, कोरल या डिझाईनच्या सॉफ्टवेअरची फाईल, जी उघडून, बदलून, बंद करून ठेवतात, ती सिंकमधून खुशाल हिंडू द्या. हिशेब, नोंदवही, डोंगलचं सॉफ्टवेअर, जे एका जागी चालू असतं, तिथे आपण जावं. दोन्हीसाठी एकच साधन वापरायचा मोह होतो आणि तिथेच डेटा जातो.

२७ जून

एका देवस्थानाच्या कामाचे दोन फोल्डर दिसले. नाव एकच: 'दुसऱ्या दिवसाचा कार्यक्रम'. काना-मात्रेचाही फरक नाही, शब्दांमधल्या मोकळ्या जागाही तेवढ्याच. एकात दादाच्या फाईली, दुसऱ्यात माझ्या. विंडोज एकाच नावाचे दोन फोल्डर ठेवू देत नाही, मग हे कसं?

नावातलं एकेक अक्षर सुटं करून पाहिलं तेव्हा उलगडलं. 'ऱ्या' दोन तऱ्हांनी टंकता येतो. एका कीबोर्डवर ऱ हे यूनिकोडमधलं (कॉम्प्युटरच्या अक्षर-क्रमांकांच्या यादीतलं) स्वतंत्र अक्षर येतं, क्रमांक ०९३१, मग हलन्त आणि य. दुसऱ्या कीबोर्डवर साधा र, हलन्त, मग न दिसणारं जोडचिन्ह आणि य. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, कॉम्प्युटरच्या लेखी दोन वेगळी नावं. सिंकथिंग यूनिकोडची नावं एका साच्यात आणतं, पण हा फरक त्या साच्यात बसत नाही. 'ॲ'चंही असंच आहे. 'ॲडव्हान्स' एका कीबोर्डवर ॲ या एकाच अक्षराने सुरू होतो, दुसऱ्यावर अ आणि वर चंद्र अशा दोन अक्षरांनी. फोनवर टंकलेलं नाव दुकानातल्या शोधात सापडत नाही याचा उलगडाही त्यातच झाला.

उपाय साधा ठेवला. फोल्डर आणि फाईलींची नावं रोमन अक्षरांत, सुरुवातीला ऑर्डर क्रमांक आणि तारीख. मराठी मजकूर फाईलीच्या आत. मला मराठी नावं आवडतात आणि हे मनाविरुद्ध केलं, पण गिऱ्हाइकाचं काम एका नावाच्या दोन फोल्डरांत विभागलं जाणं परवडत नाही. जुन्या फोल्डरांची नावं तशीच ठेवली.

९ जुलै

त्या जुन्या नावांपैकीच काही फाईली मिनी पीसीवर येईनात. संदेश: नाव फार लांब. विंडोज नावात २५५ अक्षरं चालवून घेतं. लिनक्सची ईएक्सटी४ २५५ बाइट (साठवणीची एककं) चालवते, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, काना-वेलांटीसकट. म्हणजे मराठीत ८५ चिन्हांवर मर्यादा संपली. 'देवस्थान वार्षिक जत्रोत्सव निमंत्रण पत्रिका मागील बाजू दुरुस्त प्रत' अशा नावात तारीख आणि गावाचं लांब नाव घातलं की ते त्याच्या पुढे जाऊ शकतं. नावं छोटी केली, फाईली आल्या.

१८ जुलै

दुकानातली डिस्क भरत आली म्हणून तिथल्या ऑपरेटरने 'जुनी कामं' हा फोल्डर उडवला. त्याच्या लेखी साखळीला प्रत होतीच. काही मिनिटांत तो साखळीहूनही गेला आणि माझ्या लॅपटॉपवरूनही. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे हे आधी सांगायला हवं होतं, त्याची काही चूक नाही.

फाईली परत मिळाल्या, कारण मिनी पीसीवर सिंकथिंगचं व्हर्जनिंग, म्हणजे जुन्या प्रती बाजूला ठेवण्याची सोय, चालू होतं. इथे एक बारकावा आहे. व्हर्जनिंग दुसऱ्या मशीनकडून आलेला बदल किंवा डिलीट यांनाच लागू होतं, त्या मशीनवर आपण स्वतः उडवलेल्या फाईलीला नाही. म्हणून ते जिथे कोणी बसून काम करत नाही अशा मशीनवर ठेवावं. आम्ही स्टॅगर्ड (जुन्या प्रती हळूहळू विरळ करत जाणारा) प्रकार निवडला: पहिल्या दिवसात तासाला एक प्रत, महिनाभर दिवसाला एक, नंतर वर्षापर्यंत आठवड्याला एक.

तेवढ्यावर थांबले नाही. मिनी पीसीवरून रोज रात्री रेस्टिक या बॅकअपच्या प्रोग्रॅमने दुसऱ्या डिस्कवर बॅकअप जातो, आणि ती डिस्क सिंकमध्ये नाही. जुनी कामं दुकानाच्या मशीनवरून काढायची तर आधी त्या मशीनच्या इग्नोर यादीत (सिंकने कशाकडे लक्ष द्यायचं नाही त्या यादीत) तो फोल्डर लिहायचा, मग उडवायचा. इग्नोरची यादी प्रत्येक मशीनची वेगळी असते, ती आपोआप पसरत नाही, आणि इथे तेच उपयोगी पडतं. सगळ्यांना लागू असलेल्या ओळी मात्र एका साध्या फाईलीत लिहून सिंक केल्या आणि प्रत्येक यादीत तिला इन्क्लूड केलं, म्हणजे तिच्या ओळी जोडून घेतल्या. कोरल तयार करतं त्या 'बॅकअप ऑफ' नावाच्या फाईली त्यात आहेत.

३ ऑगस्ट

दादाने आणि मी एकाच नाटकाची जाहिरात एकाच वेळी उघडली. सिंकथिंगने दोन्ही प्रती ठेवल्या. ज्या प्रतीची वेळ जुनी तिच्या नावात सिंक-कॉन्फ्लिक्ट, तारीख आणि वेळ जोडली. माझी जुनी ठरली, आणि प्रयोगाची बदललेली वेळ माझ्याच प्रतीत होती. प्रूफ वाचताना वहिनीच्या लक्षात आलं, म्हणून छापलं गेलं नाही. कोण जिंकलं हे घड्याळ ठरवतं, कुणाचा मजकूर बरोबर हे नाही. आता काम उघडताना फोल्डरच्या नावामागे आपलं अक्षर लावतो, आणि रोज संध्याकाळी मिनी पीसी अशा नावांच्या फाईली शोधून यादी माझ्या फोनवर टाकतो.

१५ ऑगस्ट

सिंकथिंगची दुसरी मोठी आवृत्ती याच आठवड्यात आली. आतला डेटाबेस बदलला आहे आणि पहिल्यांदा सुरू करताना जुना डेटा नव्यात आणायला वेळ लागतो. चवथ २७ तारखेला आहे. त्याआधी हात लावायचा नाही.

२४ ऑगस्ट

घरोघरीच्या आरत्यांची पुस्तकं, भजनी मंडळांची पत्रकं, मंडपांचे फ्लेक्स. पेनड्राइव्ह एकदाही निघाला नाही. काल संध्याकाळी वीज जाऊन आली तेव्हा मी दुकानातल्या मशीनवरच होते. जोडणी तुटली, काही मिनिटांनी लॉगिनचा पडदा पुन्हा दिसला, आणि दादाला फोन न करता काम पुढे सुरू झालं. डोंगलच्या सॉफ्टवेअरमधलं शेवटचं पान मात्र पुन्हा करावं लागलं, कारण ते आपोआप सेव्ह करत नाही. कॉम्प्युटरसाठी यूपीएस घ्यायचा आहे.

६ सप्टेंबर

नवी आवृत्ती आधी मिनी पीसीवर टाकली, मग बाकीच्यांवर. जुनी आणि नवी एकमेकींशी बोलतात, त्यामुळे सगळ्यांवर एकाच दिवशी टाकायची घाई लागत नाही.

टेलस्केलमध्ये मशीनची किल्ली, म्हणजे जाळ्यात राहायची परवानगी, १८० दिवसांनी संपते, वेगळं काही सांगितलं नाही तर. आमची नोव्हेंबरच्या मध्यावर संपली असती आणि दुकानातलं मशीन न सांगता जाळ्यातून बाहेर पडलं असतं. मिनी पीसी आणि दुकानातली दोन मशीन यांच्यापुरती ती मुदत काढून टाकली. लॅपटॉप आणि फोन यांची ठेवली, कारण ते हरवू शकतात.

पुढचं काम ठरलेलं आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपतो, म्हणजे मायक्रोसॉफ्टची नेहमीची अपडेट थांबतात. डोंगलचा ड्रायव्हर ११ वर चालतो का हे दुकानातल्या मशीनमध्ये वेगळी डिस्क लावून आधी पाहायचं, जुनी डिस्क तशीच बाजूला ठेवून. चालला तर त्यावर प्रो घेऊ. नाही चालला तर त्या मशीनचं बाकीचं इंटरनेट बंद करायचं आणि फक्त टेलस्केलपुरती वाट ठेवायची. राउटरमध्ये तसे नियम लावता येतात का, ते येत्या रविवारी दुकान बंद असताना बघणार आहे.